चेहऱ्याला जामीन कोण?

परवा आक्काकडे गेलो होतो. आक्का म्हणजे माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. वाळवे तालुक्यात कृष्णाकाठी तिचे गाव. चहा झाला, गाईगुरांची चौकशी झाली, आणि मग तिने लोखंडी कपाट उघडून साडीच्या घडीखालून एक जाड, गुळगुळीत कागद काढून माझ्या हातात दिला. ठेवीची पावती होती. चार लाख पंचाहत्तर हजारांची. दाजींनी एस.टी.ची गाडी बत्तीस वर्षे चालवली, त्या बत्तीस वर्षांच्या शेवटी हातात आलेल्या पैशांतला बहुतेक पैसा. पावतीच्या वरच्या अर्ध्या भागात एका लोकप्रिय नटाचा हसरा चेहरा छापलेला होता. खाली रक्कम, मुदत, दामदुपटीचे आश्वासन. ज्या कचेरीने ही पावती दिली, त्या कचेरीला गेल्या वर्षापासून कुलूप आहे.

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"मनात आलं हुतं," आक्का म्हणाली. "पर तू नगंच म्हनला असतास. तू कशालाबी नगंच म्हनतोस. आन् त्यो एवढा मोठा माणूस, टीव्हीवर रोज दिसतोय, उद्घाटनाला सोता आलता. त्यो कशाला फसवंल आमाला?"

दाजी काही बोलले नाहीत. अंगणातल्या खुर्चीवर बसून ते रस्त्याकडे बघत राहिले. मी बँकेत सदतीस वर्षे नोकरी केली. १९८२ साली लागलो आणि २०१९ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. असली पावती पाहिल्यावर समोरच्या माणसावर चिडणे हा माझ्या धंद्यातल्या लोकांचा जुना स्वभाव. त्या दिवशी मात्र मला चिडता आले नाही. का आले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. आक्काने जी चूक केली ती मीही एकदा केली होती. मी ती मुंबईत, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून, दुसऱ्यांच्या पैशांवर केली होती.

आमच्या धंद्यात एक शब्द फार महत्त्वाचा होता. पत. नवा मुलगा बँकेत आला की पहिली दोन वर्षे त्याने हा शब्द शिकायचा. मी तो सांगलीजवळ हरिपूरला शिकलो. हरिपूर म्हणजे नाटककार देवलांचे गाव, कृष्णा-वारणेचा संगम, आणि हळदीची पेवे. ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे. आतून उसाच्या पाल्याचे अस्तर. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षे माल जसाच्या तसा. व्यापारी त्या हळदीवर बँकेकडून तारण कर्ज घ्यायचा. म्हणजे आमच्या बँकेचे लाखो रुपये जमिनीखाली, आणि वर मोकळे रान. पाटी नाही, दरवाजा नाही. पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा मी अगदी शहाण्यासारखे विचारले, "यात हळद आहे हे कशावरून?"

आमच्या गोदामाचा म्हातारा रखवालदार हसला. पेव उघडल्यावर तो आधी कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचे नाही, आतली हवा माणसाला पुरणारी नाही असा त्याचा अर्थ. कंदील टिकला तर मग माणूस. तो म्हणाला, "साहेब, पेव रोज उघडता येत नाही. माणूस रोज उघडता येतो. ह्यानं कुणाचं किती दिलं, कधी दिलं, पावसाळ्यात भाव पडला तेव्हा तोंड चुकवलं का, ते बघा." बाजारात अडत्याला विचारा, हमालाला विचारा, ज्याच्याकडून बारदान घेतो त्याला विचारा. पत म्हणजे काय, तर तुमच्या पाठीमागे तुमच्याविषयी लोकांना असलेली माहिती. तुम्ही समोर उभे राहून जे सांगता ती पत नव्हे.

सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे या माहितीवर उभी राहिलेली. साताऱ्याच्या अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली, आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक. सांगली बँक त्याआधीची, १९१६ची. मुंबई-पुण्याच्या मानाने आमची गावे किती लहान! पण साताऱ्यासारख्या गावात बसून विमा विकायचा, म्हणजे "मी मेल्यावर तुझ्या बायकोला पैसे देईन" असे सांगायचे, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवून हप्ते भरायचे, ही साधी गोष्ट नाही. या संस्थांच्या पाठीशी कोणी नटनटी नव्हत्या. संचालक कोण, ते कुठे राहतात, त्यांच्या मुली कुठे दिल्या, हे सगळे ठेवीदाराला ठाऊक होते. विमा कंपनी १९५६च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. बँका मात्र आमच्या डोळ्यांदेखत गेल्या. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले आणि महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. आठ महिन्यांच्या आत दोन्ही गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बँका संपल्या. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, हे खरे आणि मोठे. बँकांना पत होती म्हणून त्या बुडणारच नाहीत असेही नसते, हेही त्यातून शिकायचे. पण पाट्या बदलल्या तेव्हा दोन्ही गावांत म्हातारी माणसे पासबुक हातात घेऊन नुसतीच उभी राहिलेली होती, आणि ती काही पैशांसाठी उभी नव्हती.

आता प्रसिद्धीबद्दल. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा प्रसिद्धीला नावे ठेवण्याचा सोवळेपणा मला शोभणार नाही. आणि सांगलीच्या माणसाला तर अजिबात नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' केले. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन वारले, राजाश्रय गेला आणि डोक्यावर कर्ज राहिले. मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी माणसाच्या करमणुकीच्या धंद्याचा इतिहास लिहायचा तर तो इथून सुरू होतो, आणि त्याच्या मुळाशी कर्जाची वसुली आहे, हे मला बँकवाला म्हणून नेहमीच गमतीचे वाटत आले. पण त्या व्यवहारात लबाडी नव्हती. भाव्यांचे नाव भाव्यांच्या नाटकावर होते. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिले, खेळ पाहिला, आवडला तर दुसऱ्या दिवशी आला. ज्याचे नाव त्याचाच माल.

नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा, हा प्रकार पुढचा. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी, आणि आपल्याच मराठी. त्यातही मला फारसे वावगे दिसत नाही. साबण काही आण्यांचा. नटीवर भुलून घेतला, फेस आला नाही, तर दुसरी वडी घ्यायची नाही. ग्राहकाला आठवड्यात कळते आणि नुकसान आण्यांचे. पण ठेव म्हणजे साबण नव्हे. ठेव खोटी आहे हे पाच वर्षांनी कळते. तोवर दर महिन्याला व्याज वेळेवर येते, उलट जितकी योजना खोटी तितके व्याज वेळेवर, कारण ते पुढच्या ठेवीदाराच्या पैशातून दिलेले असते. आणि कळते तेव्हा आयुष्य परत सुरू करण्याचे वय राहिलेले नसते. साबणाला लावलेला नियम आपण ठेवीला लावला, चेहरा तोच ठेवला, इथे घोळ झाला.

माझी स्वतःची चूक आता सांगतो. १९८६ साली माझी मुंबईला बदली झाली. दक्षिण मुंबईत शाखा. पूर्वेकडे दाणाबंदर, जवळच झवेरी बाजार. मुंबई मला परकी वाटली नाही, कारण खाली उतरले की आमच्याकडचीच भाषा कानावर यायची. दाणाबंदरात पोती वाहणारे माथाडी जावळी-पाटणचे. गिरणगावातल्या चाळींत गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत एकाच गावची पंधरा-वीस माणसे पाळ्यांप्रमाणे झोपायची. ८२च्या संपाने गिरण्यांचे कंबरडे मोडले होते, पण त्या खोल्या चालू होत्या. आणि झवेरी बाजारच्या गल्ल्यांत खानापूर-आटपाडी-कवठे महांकाळकडचे गलाई करणारे. सोनारांकडची मोड, पेढीतला कचरा, झाडलेली धूळ घ्यायची, तेजाबात टाकायची, मुशीत घालून भट्टीवर आटवायची आणि चोख सोने वेगळे करून द्यायचे. दुष्काळाने माणदेशातून आणि खानापूर भागातून उठलेली ही माणसे आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरातल्या सराफ कट्ट्यावर सापडतात. तेजाबाचा धूर छातीत घेत, दुसऱ्यांचे सोने हाताळत. कुणी पावती मागत नाही. गेलेला माल तितकाच परत येतो, म्हणून पुन्हा दिला जातो. एकाने एक गुंज खाल्ली तर त्या शहरातल्या सगळ्या विटेकरांचा धंदा बसेल, हे त्यातल्या पोरासोरालाही माहीत.

अशा एका गलाईवाल्याने माझ्याकडे पंचवीस हजारांचे कर्ज मागितले. गल्लीत दहा बाय बाराचा गाळा मिळत होता. जामीनदार म्हणून त्याने जावळीकडचा एक माथाडी आणला. दोघे एका खानावळीत जेवायचे, एवढीच ओळख. मी माथाड्याला विचारले, पगाराचा दाखला आहे का? त्याने माथाडी मंडळाचे कार्ड पुढे केले. १९६९च्या कायद्याने माथाड्यांना मंडळ मिळाले होते, मजुरी मंडळातून जायची, फंड कापला जायचा. म्हणजे जामीनदार पक्का होता. पण मी नवा, कागद ओळखीचा नाही. मी म्हणालो, बघू. दोघे बाकावर बसून राहिले.

त्याच सकाळी दुसरा एक अर्जदार आला. त्याचा जाहिरातपट आणि चित्रफितींचा धंदा. आदल्या आठवड्यात मी त्याच्या कचेरीत तपासणीला गेलो होतो. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत फोटो. हा या नटासोबत, हा त्या गायिकेसोबत, हा त्या क्रिकेटवीराच्या खांद्यावर हात टाकून. मी तपासणी करायची सोडून फोटो बघत राहिलो. गावाकडून आलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा. ज्याला एवढी माणसे ओळखतात तो बुडवील कसा, असे मला वाटले. खरे तर त्या फोटोंतून एवढेच सिद्ध होत होते की हा त्या लोकांना ओळखतो. ते याला ओळखतात की नाही, हे मी विचारले नाही. त्याने कुणाकुणाचे पैसे थकवले आहेत, हे त्याच्या कचेरीखालच्या चहावाल्यालाही ठाऊक होते. मी चहावाल्याला विचारले नाही. हरिपूरचा रखवालदार मी मुंबईला येईपर्यंत विसरलो होतो. शाखेत मी त्या माणसाला चहा मागवला आणि चार लाखांची शिफारस केली. गलाईवाल्याच्या अर्जावर 'कागदपत्रे अपुरी' असा शेरा मारला.

चार लाख बुडाले. सहा हप्ते आले, मग पत्रे, मग नोटिसा, मग दावा. माझ्या सेवापुस्तकात एक ताशेरा बसला आणि पुढची बढती दोन वर्षे लांबली. ते योग्यच झाले.

या गोष्टीला बारा वर्षे झाली असतील. मी बदलून सांगलीला आलो होतो आणि कामानिमित्त विट्याला गेलो होतो. बाजारपेठेत एका माणसाने मला हाक मारली. केस पांढरे, बोटे तेजाबाने पिवळी पडलेली. तोच तो. त्याला गाळा मिळाला होता. त्या माथाड्याने आणि खानावळीतल्या आणखी चौघांनी आपापसात पैसे काढून दिले होते, व्याज न घेता, आणि त्याने ते दीड वर्षात फेडले होते. त्याने मला आग्रहाने हॉटेलात नेले, भजी मागवली. रागाचा एक शब्द नाही. निघताना मात्र त्याने विचारले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही ज्येला च्या पाजला, त्या फोटोवाल्याचं फुडं काय झालं वो?"

म्हणजे बाकावर बसल्या-बसल्या त्याने सगळे पाहिले होते. मी खोटे बोलू शकलो असतो. खरे सांगितले. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "आमाला म्हाईत हुतं. आमच्या गल्लीत त्येचं दोन टायमाला सोनं मोडाय आलं हुतं." बँकेला जे कळले नाही ते बाजाराला कळलेले होते. आम्ही फक्त विचारले नव्हते.

मोठ्या शहरात चेहऱ्याला किंमत का येते, हे मला त्यानंतर थोडे समजले. शहरात माणूस माणसाला ओळखत नाही. शेजारच्या दारावरची पाटी वाचूनच शेजारी कळतो. लोकलमध्ये वीस वर्षे समोर बसणाऱ्याचे नाव माहीत नसते. पण व्यवहार तर करायचाच असतो, आणि व्यवहाराला ओळख लागते. मग सगळ्यांच्या ओळखीचा एकच माणूस उरतो. तो म्हणजे पडद्यावरचा. तो आपल्याला ओळखत नाही, पण आपण त्याला रोज पाहतो. त्यामुळे त्याचा चेहरा पाहिला की ओळखीचे समाधान मिळते. माहिती मिळत नाही, समाधान मिळते. भूक लागलेल्या माणसाने पान खाऊन वेळ मारून न्यावी, तसेच हे. आक्का मूर्ख नाही आणि मीही नव्हतो. ओळख हवी होती आणि तिच्या जागी दुसरेच काही मिळाले, एवढेच.

आज प्रश्न असा आहे की ते मोठे शहर आता आमच्याकडे आले आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबाग चौकात उभे राहून वर पाहा. दागिन्यांच्या दुकानावर नटी, सिमेंटवर नट, शिकवणीच्या वर्गावर क्रिकेटवीर. मधल्या जागेत गल्लीतला कुणी काळा चष्मा लावून स्वतःच्या वाढदिवसाच्या स्वतःलाच शुभेच्छा देणारा. मेणवलीचा घाट नाना फडणविसांचा, पण २००४च्या 'स्वदेस'पासून येणारा पाहुणा विचारतो, शूटिंग कुठे झाले? विचारू दे बापडा, त्यात कुणाचे नुकसान नाही. नुकसान आहे ते चेहऱ्याखालची माहिती नाहीशी झाली त्यात. बँकेचा शाखाधिकारी तीन वर्षांत बदलून जातो. तो परप्रांतातला असतो याला माझी हरकत नाही. त्याला बाजारात फिरायला वेळच ठेवलेला नाही याला आहे. कर्जाचा निर्णय संगणकावरच्या गुणांवर होतो, आणि गुण देणारा कुठेतरी दूर बसलेला असतो. पेवात कंदील सोडणारे कुणी उरले नाही.

पूर्वीचे सगळे चांगले होते असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या पतीला एक फार मोठे भोक होते. जी माहिती बाजारात फिरायची ती बाजारात बसणाऱ्यांचीच. ज्याच्यासाठी कुणी शब्द टाकत नव्हते, ज्याची वस्ती गावाबाहेर, जिच्या नावावर सातबारा नाही, त्यांची पत आम्ही कधी तपासलीच नाही. चौकशीच न करता 'पत नाही' असे लिहून मोकळे झालो. हे भोक बुजवण्याचे काम साताऱ्याच्याच दुष्काळी भागात झाले. म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुम्ही यंत्राशिवाय करून दाखवा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे २०१८ साली चेतना सिन्हा दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष झाल्या. क्रम लक्षात घ्यावा. आधी पत, मग प्रसिद्धी. या क्रमाने आलेल्या प्रसिद्धीबद्दल माझी तक्रार नाही.

मग करायचे काय? लोकांनी शहाणे व्हावे, असे सांगून लेख संपवणे सोपे आहे. पण लोकांना शहाणपण शिकवण्याचा अधिकार मी त्या शेऱ्याबरोबरच घालवला आहे. मी धंद्यातली एक साधी गोष्ट सुचवतो. बँकेत जामीनदाराची सही घेताना आम्ही त्याला बजावून सांगायचो, बाबा रे, ही साक्षीदाराची सही नव्हे. १८७२चा करार कायदा सांगतो की वेगळे काही ठरले नसेल तर जेवढी जबाबदारी कर्जदाराची तेवढीच जामीनदाराची. कर्जदाराने दिले नाही तर तुझ्या घराची भांडी बाहेर निघतील. हे ऐकून कित्येक जण पेन खाली ठेवून उठून जायचे. जे उठत नसत ते खरे जामीनदार. दाणाबंदरचा तो माथाडी उठला नव्हता.

ज्या चेहऱ्यावर लोकांच्या ठेवी गोळा होतात, तो चेहराही जामीनदारच आहे. मग त्याची सही का नसावी? कायदा या दिशेने थोडा सरकला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. पुन्हा तेच केले तर दंड पन्नास लाखांपर्यंत जातो. २०२२च्या नियमावलीने सांगितले की वस्तूची पुरेशी माहिती घेतल्याशिवाय शिफारस करू नये. चांगले आहे. पण दंड सरकारजमा होतो, आक्काच्या कपाटात येत नाही. माझे म्हणणे असे की ठेव, गुंतवणूक, दामदुप्पट असल्या कोणत्याही जाहिरातीचे मानधन हे ठेवीच्या मुदतीपर्यंत तारण म्हणून अडकवून ठेवावे. ठेव परत मिळाली की कलावंताला त्याचे पैसे व्याजासकट मिळावेत. ठेव बुडाली तर ते आधी ठेवीदारांत वाटले जावेत. यातून सगळे पैसे भरून निघणार नाहीत. पण सही करण्यापूर्वी तो कलावंत आपल्या हिशेबनिसाला एक दूरध्वनी नक्की करील.

कुणी म्हणेल, बिचाऱ्या नटाला ताळेबंद काय कळणार? माथाड्याला कुठे कळत होता? त्याने विचारले होते. एवढेच अपेक्षित आहे. ज्याला विचारायला सवड नाही त्याने साबण विकावा.

आक्काच्या पैशांचे काय होईल, मला माहीत नाही. मान्यताप्राप्त बँकेत असते तर ठेव विम्याखाली पाच लाखांपर्यंतची रक्कम, म्हणजे तिची सगळीच, सुरक्षित होती. ही मर्यादा १९९३पासून लाख रुपयांची होती, ती २०२० साली पाच लाख झाली. पण ही बँक नव्हतीच. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली अर्ज करायचा ठरला. मी लिहायला बसलो. दाजी अंगणातून उठून आत आले आणि माझ्या शेजारी बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते बोलले. "माझ्या नावानं लिहा. सही मीच केलती."

अर्ज लिहून होईपर्यंत दिवेलागण झाली. गावातल्या आठ-दहा बायका ओसरीवर जमल्या. आक्काच्या बचत गटाची बैठक होती. आक्का गटाची खजिनदार आहे, हे मला त्या दिवशी कळले. एका तरुण मुलीला शिलाई यंत्रासाठी सहा हजार हवे होते. आक्काने चष्मा लावला, वही उघडली, आणि विचारले, "हिला जामीन कोण ऱ्हानार?" दोन हात वर झाले. आक्का त्यातल्या एकीला म्हणाली, "तुझंच मागलं दोन हप्तं थकल्यात. तू नगं. दुसरी कोन?" कुणी हसले नाही, कुणाला रागही आला नाही. तिसरी पुढे आली आणि तिने सही केली.

मी आत पाहत बसलो होतो. वही मिटवताना आक्काचे माझ्याकडे लक्ष गेले. माझ्या मनात काय आले असेल ते तिने ओळखले असावे. ती हळूच म्हणाली, "व्हय रं. त्येलाबी हेच इचाराय पायजे हुतं."